उजवी लेन फक्त ओव्हरटेकसाठी: लेन कशी पाळायची, मोडली तर काय होतं

समृद्धी महामार्गावर प्रत्येक बाजूला तीन लेन आहेत. डावी लेन ट्रक-कंटेनरसारख्या जड आणि सावकाश गाड्यांची, मधली कारची आणि दुभाजकाला लागून असलेली उजवी फक्त ओव्हरटेकची. कारला ताशी १२० किलोमीटर, बसला १०० आणि मालवाहू गाडीला ८० ही वेगमर्यादा आहे. म्हणजे नियम पाळणारी कारसुद्धा नियम पाळणाऱ्या ट्रकच्या दीडपट वेगानं धावते. दोघांत दर सेकंदाला ११ मीटरचा फरक पडतो. हा फरक वेगवेगळ्या लेनमध्ये राहिला तर कुणाला कुणाचा त्रास नाही. ट्रक उजव्या लेनला आला, की मागच्या कारसाठी तो जवळजवळ उभ्या अडथळ्यासारखा होतो.

धुळे-सोलापूर महामार्ग कन्नड, संभाजीनगर, गेवराई, बीड, येरमाळा, तुळजापूर असा जातो. तिथे प्रत्येक बाजूला दोनच लेन आहेत, तरी नियम तोच: डावी चालण्याची, उजवी ओव्हरटेकची. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे कमाल वेग कारला १००, बसला ९०, मालवाहू गाडीला ८० आणि दुचाकीलाही ८० आहे. जागेवरच्या फलकावर यापेक्षा कमी आकडा असेल तर फलकावरचा धरायचा. समृद्धीवर दुचाकी आणि रिक्षाला मुळात प्रवेशच नाही.

"मी १०० नं चाललोय, मग उजव्या लेनला राहिलो तर बिघडलं काय?" हा प्रश्न हमखास विचारला जातो. बिघडतं ते असं. तुमच्या मागचा १२० नं येतो, त्याला उजवीकडे जागा नसते, मग तो डावीकडून कट मारतो. डावीकडे त्याला ट्रक, साइडपट्टीला उभा टेम्पो किंवा दुचाकी भेटते. अपघात त्याचा होतो, तुम्ही आरशात बघत पुढे निघून जाता, पण सुरुवात तुमच्या हट्टानं झालेली असते. ब्रिटनमध्ये मोटारवेवर मधली लेन विनाकारण अडवून ठेवणाऱ्याला २०१३ पासून जागेवरच १०० पौंड दंड आणि लायसन्सवर ३ गुण असा नियम आहे. तिथे वाहनं डाव्याच बाजूनं चालतात, त्यामुळे त्यामागचा विचार आपल्याला जसाच्या तसा लागू पडतो.

लेन बदलायची पद्धत

घाईत सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून क्रम लक्षात ठेवा.

आधी आतला आरसा, मग ज्या बाजूला जायचं तो बाहेरचा आरसा. मग इंडिकेटर, आणि इंडिकेटर लावल्यावर किमान तीन सेकंद थांबा. ताशी १०० च्या वेगात तीन सेकंदांत गाडी सुमारे ८० मीटर जाते. मागच्याला कळायला, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायला एवढा वेळ लागतोच. बहुतेक जण इंडिकेटरची दांडी आणि स्टिअरिंग एकाच वेळी हलवतात. तो इशारा मागच्याच्या काही कामाचा नसतो. तीन सेकंदांनंतर खांद्यावरून एक झटकन नजर टाका, कारण दाराच्या मागच्या कोपऱ्यातली गाडी कुठल्याच आरशात दिसत नाही. मग चार-पाच सेकंदांत सावकाश सरका. एका वेळी एकच लेन. डावीतून थेट उजवीत जायचं असेल तर मधल्या लेनमध्ये स्थिर व्हा, पुन्हा आरसा बघा, पुन्हा इंडिकेटर द्या.

ओव्हरटेक झाल्यावर परत कधी यायचं? मागे टाकलेल्या गाडीचे दोन्ही हेडलाइट तुमच्या आतल्या आरशात पूर्ण दिसले की डावा इंडिकेटर देऊन परत या. एकच दिवा दिसत असेल तर तुम्ही अजून त्याच्या फार जवळ आहात. भरलेल्या ट्रकपुढे असं अंगावर येऊन घुसणं फार धोक्याचं, कारण वीस-पंचवीस टनांची गाडी तुमच्याएवढ्या अंतरात थांबत नाही.

रात्री हॉर्नपेक्षा डिपर कामाचा. ओव्हरटेकच्या आधी एकदा अप्पर-डिपर द्या, बस. सतत अप्पर ठेवून मागे लागलात तर समोरच्याच्या आरशात उजेड भरतो, त्याला रस्ताच दिसत नाही आणि बाजूला व्हायचं कुठे तेही कळत नाही.

दोन सवयी ताबडतोब सोडण्यासारख्या आहेत. पहिली, चालू गाडीत चारही इंडिकेटर लावून ठेवायची. पावसात किंवा चौकातून सरळ जायचंय हे सांगायला आपल्याकडे सर्रास हे करतात. चारही दिवे लुकलुकत असताना तुम्ही कुठे वळणार हे मागच्याला समजत नाही, आणि उभी गाडी कुठली, चालती कुठली हेही समजत नाही. दुसरी, पुढच्या ट्रकनं उजवा इंडिकेटर दिला म्हणजे "जा पुढे" असा अर्थ लावायची. काही चालक त्या अर्थानं देतात, काहींना खरोखर उजवीकडे यायचं असतं. स्वतःच्या डोळ्यांनी पुढचा रस्ता दिसल्याशिवाय त्या इशाऱ्यावर विसंबू नका.

ट्रकचालकांसाठी एक हिशेब

८० नं जाणारा ट्रक ७५ नं जाणाऱ्या ट्रकला ओव्हरटेक करतोय असं धरा. वेगातला फरक ताशी ५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जेमतेम १.४ मीटर. दोन्ही ट्रक १२-१२ मीटरचे, मागे-पुढे २०-२० मीटर मोकळी जागा धरली तर ६४ मीटर जास्तीचं अंतर कापायचंय. त्याला ४६ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात हा ट्रक एक किलोमीटर रस्ता अडवून गेलेला असतो. अर्धा किलोमीटर मागे असलेली, १२० नं येणारी कार तेवढ्यात त्याच्या मागच्या बंपरला येऊन भिडते. चढ लागला तर हा वेळ आणखी वाढतो. पुढच्याचा वेग तुमच्यापेक्षा १५-२० नं कमी नसेल तर ओव्हरटेक करूच नका, मागे राहा. जालना ते माळीवाडा या अंतरात ७५ आणि ८० च्या वेगानं पोहोचण्यात फरक पडतो तो फक्त काही मिनिटांचा.

अंतर, एक्झिट आणि बंद पडलेली गाडी

पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेवा. पुढची गाडी पुलाच्या कठड्यापाशी किंवा फलकापाशी पोहोचली की "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" मोजा. त्याआधी तुम्ही तिथे पोहोचलात तर फार जवळ आहात. १२० च्या वेगात हे अंतर १०० मीटर होतं. जास्त वाटतं, पण ब्रेकवर पाय जायला लागणाऱ्या दीड सेकंदातच ५० मीटर संपलेले असतात. पावसात हे अंतर दुप्पट करा.

एक्झिट चुकली तर गाडी रिव्हर्स घ्यायची नाही, साइडपट्टीवरूनसुद्धा नाही. समृद्धीवर मुंबईच्या दिशेनं जाताना सावंगीची एक्झिट चुकली तर पुढे माळीवाड्याला उतरा. थोडा वेळ आणि थोडा टोल जास्त जाईल, एवढंच. एक्झिट घ्यायची असेल तर पहिला फलक दिसताच डावीकडे सरकायला लागा. शेवटच्या क्षणी उजव्या लेनमधून तिरकं कापून रॅम्पवर घुसणं हा लेन कापण्याचा सगळ्यात वाईट प्रकार. रॅम्पवरून महामार्गावर येताना उलट: टोकाला थांबू नका, रॅम्पवरच वेग वाढवून डाव्या लेनच्या वेगाला या आणि मग मिसळा.

गाडी बंद पडली तर जितकी डावीकडे नेता येईल तितकी न्या. चारही इंडिकेटर लावायची खरी जागा ही. सगळ्यांना डाव्या दारानं उतरवून कठड्यापलीकडे उभं करा, गाडीत बसवून ठेवू नका. लाल त्रिकोण किमान १०० मीटर मागे ठेवा; मोठी सव्वाशे पावलं म्हणा, आणि तिथवर कठड्याच्या बाहेरून चालत जा. दगड आणि झाडाच्या फांद्या मांडायची पद्धत फार आहे. गाडी दुरुस्त करून लोक निघून जातात आणि दगड लेनमध्येच राहतात. रात्री पुढचा त्यावर आदळतो. १५ ऑक्टोबर २०२३ ला मध्यरात्रीनंतर वैजापूरजवळ समृद्धीवर मिनीबस ट्रकवर मागून आदळली आणि १२ जणांचा जीव गेला. चहासाठी, लघवीसाठी, फोनसाठी द्रुतगती मार्गाच्या कडेला थांबायचं नाही. त्यासाठी टोलनाका किंवा पेट्रोल पंप गाठा.

आपल्या भागातले ठरलेले धोके

गाळप सुरू झालं की लातूर, धाराशिव, बीडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या येतात. साइडपट्टी खराब म्हणून ट्रॅक्टर उजव्या लेनला चालवला जातो, मागे दिवा नसतो, आणि वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, लोंबून रिफ्लेक्टर झाकून टाकतात. ट्रॅक्टरमालकांनी डावी लेन सोडू नये, ट्रॉलीच्या मागच्या दोन्ही कडांना लाल रिफ्लेक्टर लावावेत आणि भरल्यावर ते दिसतात का हे मागे उभं राहून बघावं. कारवाल्यांनी रात्री उजव्या लेनमध्येही बिनदिव्याची ट्रॉली असू शकते हे धरूनच चालावं.

जालन्याच्या स्टील कारखान्यांमधून सळया घेऊन निघणारी गाडी पुढे असेल तर अंतर आणखी वाढवा. अंधारात बाहेर आलेली सळई दिसत नाही. माल गाडीच्या बाहेर काढून नेणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०,००० रुपये दंड आहे. काढणीच्या दिवसांत सोयाबीन महामार्गावर वाळत घातलं की एक लेन जाते आणि वाहनं अचानक उजवीकडे वळतात. सार्वजनिक रस्त्यावर असा अडथळा करण्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि दुभाजक फोडून ढाब्यासमोर केलेल्या कटमधून वळू नका, पंप जवळ दिसतोय म्हणून दोनशे मीटर राँग साइडनं जाऊ नका. त्या दोनशे मीटरसाठी लागणारं कलम पुढे वाचा.

कलमं आणि दंड

मोटार वाहन कायद्यातलं सगळ्यात हलकं कलम १७७अ. केंद्राच्या २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांत लेनमध्ये राहणं, इशारा देऊन लेन बदलणं, उजवीकडून ओव्हरटेक करणं हे सगळं आहे. ते मोडलं की ५०० ते १,००० रुपये. लेन कापल्याचं चलान साधारणपणे इथे बसतं, आणि म्हणूनच लोक ते हसण्यावारी नेतात.

पण तीच चूक कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्यात, बसू शकते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमात सिग्नल तोडणं, थांबण्याच्या चिन्हाकडे दुर्लक्ष, हातात मोबाईल धरणं, नियमाविरुद्ध ओव्हरटेक आणि राँग साइडनं जाणं ही नावं घेऊन घातली आहेत. त्याशिवाय सावध आणि जाणत्या चालकाकडून जी अपेक्षा असते तिच्यापेक्षा फार खालच्या दर्जाचं चालवणंही त्यात येतं. धोका निर्माण करणारं बेफिकीर चालवणं पकडायला ही शेवटची ओळ पुरेशी आहे. पहिल्या गुन्ह्याला ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा तेच केलं तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. मोबाईलचा भाग सोडला तर कलम १८४ जागेवर पैसे भरून मिटत नाही, कोर्टात उभं राहावं लागतं. हे फार जणांना ठाऊक नसतं.

वेगासाठी कलम १८३: हलक्या वाहनाला १,००० ते २,०००, मध्यम आणि जड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये, पुन्हा केलं तर लायसन्स जप्त. दारूचं कलम १८५: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ॲम्ब्युलन्सला वाट न दिल्यास कलम १९४इ खाली १०,००० रुपये किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. उजवी लेन अडवून बसणाऱ्यांनी हे कलम खास लक्षात ठेवावं, कारण सायरन मागून उजव्याच लेननं येतो.

हे आकडे कायद्यातले आहेत. जे गुन्हे जागेवर मिटवता येतात त्यांची तडजोड रक्कम राज्य ठरवतं. महाराष्ट्रानं ती डिसेंबर २०२१ पासून वाढवली आहे. रकमेपेक्षा लायसन्सकडे जास्त लक्ष द्या. १८३, १८४, १८५ या गुन्ह्यांत पोलीस लायसन्स ताब्यात घेऊन कलम १९ खालच्या कारवाईसाठी आरटीओकडे पाठवू शकतात. ज्याचं पोटच गाडीवर आहे त्याला लायसन्स निलंबित होणं पाचशे रुपयांपेक्षा कितीतरी महाग पडतं.

अपघात झाला की न्याय संहिता लागते. बेदरकारपणे चालवण्याला कलम २८१, ६ महिन्यांपर्यंत कैद. त्यात कुणाला गंभीर दुखापत झाली तर कलम १२५ खाली ३ वर्षांपर्यंत. मृत्यू झाला तर कलम १०६(१), ५ वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

भरपाईच्या दाव्यात तर लेन आणि अंतराची चूक थेट टक्क्यांत मोजली जाते. कोइम्बतूरच्या एका प्रकरणात महामार्गावर कार इशारा न देता अचानक थांबली, मागची दुचाकी तिच्यावर आदळून चालक पडला आणि मागून आलेली बस त्याच्या पायावरून गेली. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कारचालकाला ५० टक्के, बसला ३० टक्के आणि अंतर न ठेवणाऱ्या दुचाकीस्वाराला २० टक्के जबाबदार धरलं. पाय गमावलेल्याच्याही भरपाईतून त्याचा वाटा कापला गेला.

अपघातानंतर पळून जाऊ नका. जखमीला उपचार मिळवून देणं आणि २४ तासांत पोलिसांना कळवणं हे कलम १३४ खाली चालकाचं कर्तव्य आहे. चुकलं तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पोलिसांसाठी ११२, ॲम्ब्युलन्ससाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळतात, ते ठरलेल्या रुग्णालयात. दाखल करतानाच विचारा. मदत करणाऱ्या वाटसरूला कलम १३४अ चं संरक्षण आहे, त्यामुळे पोलीस मागे लागतील या भीतीनं कुणी गाडी पुढे काढू नये.

चलान आलं तर

महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक टाका. चलानाबरोबर फोटो दिसतो. आधी नंबर प्लेट नीट वाचा, मग गाडीचा प्रकार आणि रंग, मग ठिकाण आणि वेळ. दुसऱ्याच गाडीचं किंवा बनावट नंबरच्या गाडीचं चलान आलं असेल तर ॲपमध्येच तक्रार नोंदवा. त्या दिवसाचं फास्टॅगचं स्टेटमेंट जोडा. तुमची गाडी त्या वेळी दुसऱ्याच टोलनाक्यावर होती हे दाखवायला त्याच्याएवढा सोपा पुरावा नाही. चलान बरोबर असेल तर भरून टाका. थकलेलं चलान लोकअदालतीच्या नोटिशीत येतं, आणि गाडी विकून दुसऱ्याच्या नावावर करताना आडवं येतं.

व्हॉट्सॲपवर "तुमचं आरटीओ चलान" म्हणून एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) आली तर उघडू नका. ती बँक खातं रिकामं करण्यासाठी पाठवलेली असते. खऱ्या सरकारी पत्त्याच्या शेवटी "डॉट गव्ह डॉट इन" असतं, आणि पैसे तिथेच भरायचे.

कॅमेऱ्याचं चलान मालकाच्या नावावर येतं. त्या वेळी गाडी कुणाकडे होती हे पोलिसांनी विचारलं तर कलम १३३ प्रमाणे चालकाचं नाव आणि लायसन्सचा तपशील मालकाला द्यावा लागतो. ज्यांच्या गाड्या ड्रायव्हरच्या हाती असतात त्यांनी तारीख, गाडी, ड्रायव्हरचं नाव, निघाल्याची आणि परतल्याची वेळ अशी साधी वही ठेवावी आणि प्रत्येक फेरीला ड्रायव्हरची सही घ्यावी. बिनलायसन्सच्या माणसाला गाडी दिली तर मालकाला कलम १८० खाली ५,००० रुपये दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातून गुन्हा घडला तर कलम १९९अ प्रमाणे पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.